शिकारी सुरीचं म्यान: आधी धार, मग चामडं

म्यान सुरीला धरतं ते मुठीपाशी. पात्याला त्यानं फक्त झाकायचं असतं. एवढं डोक्यात पक्कं बसलं की निम्मं काम झालं, कारण बाजारात मिळणारी बहुतेक म्यानं याच्या उलट बनवलेली असतात. पातं घट्ट आवळलेलं, मूठ मोकळी आणि त्या मुठीभोवती एक पट्टी टिचबटणानं अडकवलेली. ओढताना धार चामडं तासत बाहेर येते, आत जाताना शिवणीचा दोरा कापते, आणि पट्टी तुटली की सुरी रानात कुठं पडली ते कळतही नाही.

मी कोल्हापुरात चामड्याचं काम करतो. पट्टे, पिशव्या आणि गेली काही वर्षं म्यानं. त्यात एक मागणी घरातलीच आली. भाचा कॅनडात अल्बर्टाला असतो. तिथं परवाना काढून थंडीच्या तोंडाला हरणाची शिकार करता येते. त्यानं तिकडच्या एका कारागिराकडून हातघडणीची सुरी घेतली आणि फोनवर म्हणाला, "मामा, म्यान तू शिव. फक्त बटण नको. हातमोजे काढले की बोटं गोठतात." या एका अटीनं म्यानाचा घाटच ठरला. खाली सगळी मापं त्याच सुरीची देतो, म्हणजे हिशेब कसा मांडायचा ते कळेल. तुमच्या सुरीला आकडे बदलतील, पद्धत तीच राहील.

इकडच्या वाचकांसाठी कायद्याचं आधीच सांगून टाकतो. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं शिकार बंद आहे. 'शिकारी सुरी' हे आता फक्त आकाराचं नाव. ती वापरायची शेतावर, घरी, नाहीतर परवानगी असेल तिथल्या कॅम्पवर. त्याच कायद्याच्या व्याख्येत सुरीसुद्धा शस्त्र आहे आणि अभयारण्यात पूर्वपरवानगीशिवाय शस्त्र नेता येत नाही. राधानगरीला जाताना कमरेला सुरी लावून मिरवू नका. शिवाय ९ इंचांपेक्षा लांब किंवा २ इंचांपेक्षा रुंद पातं शस्त्र नियमांच्या परवान्यात येतं. घरकाम, शेती, विज्ञान आणि उद्योग यांसाठीची अवजारं तेवढी वगळलेली आहेत. चांगल्या शिकारी सुरीला तेवढं पातं लागतही नाही. चार इंच पुष्कळ झाले.

भाच्याची सुरी ड्रॉप पॉइंट आहे, म्हणजे पाठ टोकाकडे हळूच खाली उतरते आणि टोक पात्याच्या मध्यरेषेजवळ येतं. हा आकार लोकप्रिय केला तो कॅलिफोर्नियातल्या रिव्हरसाइडच्या बॉब लव्हलेसनं (१९२९–२०१०). जनावर सोलताना टोक आतड्यात घुसू नये, हा त्यामागचा हेतू. त्याच्या सुऱ्यांबरोबरची म्यानंही बघण्यासारखी आहेत. खोल पिशवीसारखी, बटण नाही, पट्टी नाही. मुठीचा बराचसा भाग आत जातो आणि ओल्या चामड्याला दिलेल्या आकारामुळे सुरी जागेवर बसते. फिनलंडची पुक्को सुरी याच्याही पुढे जाते. तिची मूठ निम्म्याहून जास्त म्यानात असते आणि आत पात्यापुरतं कोरलेलं लाकडी घर असतं, त्यामुळे धार चामड्याला लागतच नाही. दोन्ही म्यानांत बटण नसल्यानं हातमोजे काढावे लागत नाहीत. भाच्यासाठी मी लव्हलेसचा मार्ग धरला.

आता चामडं. म्यानाला झाडपाल्यानं कमावलेलंच चामडं लागतं. आपल्याकडे कोल्हापुरी चपलेचं चामडं बाभळीची साल आणि हिरडा वापरून कमावतात, ते चालतं; फक्त तळव्यासाठी ठोकून कडक केलेला तुकडा घेऊ नका, तो घडीवर तडकतो. कानपूरकडचं घोड्याच्या साजाचं चामडं मिळालं तर उत्तमच. जाडी ३ ते ३.५ मिमी. क्रोमनं कमावलेलं चामडं मऊ आणि स्वस्त असतं, पण ओलं करून आकार दिला तरी तो धरत नाही, आणि त्यातल्या क्षारांनी पोलाद गंजतं. ओळखायचं कसं? कापलेली कड बघा. झाडपाल्याचं आरपार तपकिरी असतं, क्रोमचं मध्ये निळसर-राखाडी. पाण्याचा थेंब टाका. झाडपाल्याचं लगेच गडद होतं. तरीही शंका असेल तर एक बारीक तुकडा जाळा. क्रोमची राख हिरवट दिसते. दुकानदार "अस्सल आहे, घ्या" म्हणतो त्याला काही अर्थ नाही. तो चामडं अस्सल आहे एवढंच सांगतोय, कमावलंय कशानं ते नाही.

सुरी माझ्या हातात नव्हती. अल्बर्टाहून ती मागवण्यापेक्षा मी भाच्याकडून तिची कागदावर काढलेली रेघ आणि पाच ठिकाणच्या जाड्या मागवल्या. त्यावरून सागाचा फर्मा, म्हणजे सुरीच्या मापाचा लाकडी नमुना, केला. सुरी जवळ असली तरी फर्मा करा असं मी सांगेन. ओल्या चामड्यात रात्रभर बसायला लाकडाची हरकत नसते, पोलादाची असते. फर्मा पात्याच्या जाडीला अर्धा मिलिमीटर जास्त आणि मुठीला बरोबर मापाचा ठेवायचा. सुरी पात्याला सैल आणि मुठीला घट्ट, हे तिथंच साधतं.

मापं अशी: पातं १०० मिमी लांब, २८ रुंद, पाठीला ३.५ जाड. मूठ ११५ लांब, तिचा घेर ७५. मूठ आत किती घ्यायची? जास्त घेतली तर पकड मिळत नाही, कमी घेतली तर म्यान धरत नाही. उघड्या हाताला ६५ मिमी बाहेर राहिली तरी पुरते. जाड मोज्याला ७५ लागते. म्हणून ४० मिमी आत. टोकापुढे १० मिमी रिकामी जागा ठेवायची, म्हणजे सुरी जोरात आत ढकलली तरी टोक शिवणीवर आपटणार नाही. म्यानाची लांबी झाली १५०.

रुंदीत लोक गडबडतात, म्हणून सावकाश सांगतो. हे म्यान एकाच तुकड्याची घडी आहे. सुरीची पाठ घडीकडे, धार शिवणीकडे. पुठ्ठ्यावर मधोमध घडीची रेघ मारा. एका बाजूला पात्यापाशी किती लागेल? पातं २८, पाठीची अर्धी जाडी धरून ३०, मोकळीक २, म्हणजे ३२. धारेकडे दोन थरांच्या मध्ये चामड्याची एक पट्टी बसते (तिच्याबद्दल पुढे सांगतो), ती मधली पट्टी १०. घडीत चामडं २ मिमी खातं, आणि शेवटी कडा घासताना २ जातात. एकूण ४६. मुठीपाशी हिशेब वेगळा, कारण तिथं चामड्याला गोलाई गुंडाळावी लागते. मुठीभोवती दोरा गुंडाळून घेर काढा, निम्मा करा: साडेसदतीस, म्हणजे ३८. त्यात तेच १०, २ आणि २. झाले ५२. ही दोन मापं बाकदार रेघेनं जोडली की नमुना तयार. आधी पुठ्ठ्याचं म्यान पिनांनी जोडून सुरी घालून बघा. पुठ्ठा रद्दीत मिळतो, चामडं नाही.

लूप, म्हणजे कमरेचा पट्टा ओवायची घडी, कुठं येणार तेही याच वेळी ठरवायचं. सुरी कमरेच्या कुठल्या बाजूला, धार पुढे की मागे, हे पुस्तकात वाचून ठरवू नका. पुठ्ठ्याचं म्यान पट्ट्याला अडकवा, त्यात पुठ्ठ्याचीच सुरी घाला आणि डोळे मिटून ओढा. मग खाली बसा, वाका, गाडीत बसल्यासारखे खुर्चीत टेका. मुठीचं टोक बरगडीत घुसतंय का? म्यानाचं तळ मांडीत रुततंय का? भाचा ट्रकमध्ये तास-तास बसतो, म्हणून त्याचं म्यान मी पट्ट्याखाली लोंबतं ठेवलं: चामड्याची एक रुंद घडी आणि मध्ये पितळी कडी. चालताना थोडं हलतं, पण बसल्यावर आपोआप बाजूला सरकतं.

मधली पट्टी हा म्यानाचा जीव आहे. धारेच्या बाजूला दोन थरांच्या मध्ये चामड्याची एक पट्टी बसवायची, पात्याइतकी जाड. ती नसेल तर धार आणि दोरा यांच्यामध्ये काहीच उरत नाही. असली म्हणजे पातं तिच्यावर टेकतं, आणि कधी तिरकं आत गेलंच तर धार पट्टीत रुतते, दोऱ्यापर्यंत पोचत नाही. पट्टी १० मिमी रुंद. शिवण तिच्या आतल्या कडेपासून ६ मिमीवर आणि बाहेरच्या कडेपासून ४ वर. टोकापाशी पट्टी रुंद करून १५ मिमीपर्यंत न्या, कारण पडलं-धडपडलं तर सगळा भार तिथं येतो. तोंडापाशी मूठ आत शिरताना शिवण ओढली जाते; तिथं ३० मिमी लांबीची आणखी एक पातळ पट्टी घाला, रापीनं (चामडं तासायच्या हत्यारानं) तासून शून्यावर उतरवलेली, म्हणजे आत पायरी राहत नाही.

नेपाळी खुकरीचं म्यान हाताळलेल्यांना हा धोका वेगळा सांगावा लागत नाही. म्यान धारेकडून मुठीत धरून खुकरी ओढली की पातं म्यान चिरून थेट बोटांवर येऊ शकतं. म्हणून म्यान नेहमी पाठीकडून धरायचं, बोटं धारेवरून वळवायची नाहीत. हे तुमच्या प्रत्येक गिऱ्हाइकाला तोंडी सांगा. चिठ्ठी कोणी वाचत नाही.

शिवायला घेताना क्रम चुकवू नका. लूप आधी, घडी नंतर. लूप मागच्या बाजूला सपाट असतानाच शिवायचा, आणि आतल्या बाजूला दोऱ्यासाठी खाच पाडायची, म्हणजे टाके चामड्याच्या पातळीत बसतात आणि टोक त्यांत अडकत नाही. लूपला रिवेट मारायचा मोह होतो. मारला तर त्याचं डोकं आत येतं आणि पात्यावर ओरखडे पाडतं. मी मारत नाही. मग मधली पट्टी सोल्यूशननं एका बाजूला चिकटवा, वाळू द्या, घडी घालून दुसरी बाजू चिकटवा. कडा एकसारखी घासून घ्या आणि मगच भोकं पाडा.

आता तीन थर मिळून साडेनऊ मिलिमीटर जाडी झाली. एवढ्या जाडीतून आरी सरळ घालायला हात तयार लागतो. पुढून भोकं ओळीत दिसतात आणि मागून नागमोडी. लाज न बाळगता टेबल-ड्रिल वापरा, १.५ मिमीचं बिट, ४ मिमीच्या अंतरावर. दोरा मेण लावलेला पॉलिएस्टर, १ मिमी. तागाचा दोरा दिसायला सुंदर, पण शिकारीच्या सुरीबरोबर आत रक्त आणि चरबी जाते आणि तो कुजतो.

दोरा किती घ्यायचा? शिवणीच्या चौपट, असं शिकवलं जातं. ते पाकिटाच्या पातळ चामड्याला ठीक. इथं दोन सुयांनी शिवताना दर टाक्याला प्रत्येक दोरा ४ मिमी पुढे जातो आणि साडेनऊ मिमी आरपार. म्हणजे साडेतेरा, दोन्ही मिळून सत्तावीस. चार मिलिमीटर शिवणीला सत्तावीस मिलिमीटर दोरा, जवळजवळ सातपट. शिवण १८ सेंमी असेल तर सव्वा मीटर हा, वर सुयांत राहणारं आणि उलटे टाके घालायला लागणारं मिळून पावणेदोन मीटर घ्या. अर्ध्यात दोरा संपण्यासारखं दुःख नाही, आणि म्यानाच्या शिवणीत जोड चांगला नाही.

टाका दोन सुयांचाच घालायचा. मशीनच्या शिवणीत वरचा आणि खालचा दोरा एकमेकांत अडकलेले असतात. एक तुटला की ओळ उसवत जाते. दोन सुयांच्या शिवणीत प्रत्येक दोरा स्वतंत्रपणे सगळ्या भोकांतून गेलेला असतो, म्हणून एक टाका कापला गेला तरी बाकीचे धरून राहतात.  दर टाक्याला कोणती सुई आधी जाते तो क्रम बदलू नका, आणि ओढ दोन्हीकडे सारखी ठेवा. सुरुवातीला आणि शेवटी तीन टाके उलटे घालून दोरा कापा, वितळवून टोक दाबा. तोंडापाशी दोन टाके कडेवरून वळवून घ्या. टोकाशी, शिवण आणि घडी मिळतात तिथं, ३ मिमीचं एक भोक ठेवा. पाणी बाहेर पडायला वाट हवी.

यापुढचा भाग मला सगळ्यात आवडतो. कोमट पाण्यात म्यान बुडवा. बुडबुडे यायचे थांबले की काढा. मिनिटभर पुरतं. पाणी कढत असेल तर चामडं आकसून दगड होतं आणि परत कधी सरळ होत नाही. ओलं म्यान प्लास्टिकच्या पिशवीत तासभर ठेवा, म्हणजे ओल सगळीकडे सारखी पसरते. मग फर्मा घाला. सुरीच घालायची असेल तर पात्याला व्हॅसलीन लावून वर स्वयंपाकघरातली प्लास्टिक फिल्म दोन वेढे गुंडाळा आणि धारेवर चिकटपट्टी लावा. आता बोटांनी आणि गुळगुळीत लाकडी काठीनं दाबत जा. पात्यावर फारसं दाबायचं नाही. सगळी मेहनत मुठीच्या सुरुवातीला, जिथं गार्डची (पातं आणि मूठ यांच्यामधल्या आडव्या धातूच्या पट्टीची) उंची संपते आणि मुठीला बारीकशी कंबर असते. चामडं त्या कंबरेत दाबून बसवायचं. पुढे सुरी आत ढकलली की तिथं मंद 'टक' लागते. सुरी धरली जाते ती त्याच्यानं.

सावलीत वाळवा. उन्हात नको, हेअर ड्रायर नको. खरी सुरी वापरली असेल तर आकार धरताच, तास-दीड तासानं, काढून पुसा. फर्मा असेल तर दुसऱ्या दिवशीपर्यंत राहू द्या. कोल्हापुरात एप्रिलमध्ये एक दिवस पुरतो, जुलैमध्ये चार दिवसही लागतात, आणि तोवर पंखा लावून ठेवावा लागतो, नाहीतर पांढरी बुरशी धरते.

कडा २२० आणि मग ४०० च्या पॉलिश पेपरनं घासा, किंचित ओल्या करून लाकडाच्या तुकड्यानं चोळा. नंतर मधमाशांचं मेण. म्यान हातात धरवेल इतपत गरम करून मेण चोळायचं, फडक्यानं पुसायचं, परत चोळायचं. भाच्याच्या म्यानाला मी हे जरा जास्तच केलं, कारण तिकडे चामडं ओलं राहिलं तर थंडीत सुरी आतच गोठून बसते. तेल मात्र नको. शेंगदाण्याचं, खोबऱ्याचं, मोहरीचं, कुठलंच. खवट होतं ते वेगळंच, पण मुख्य म्हणजे चामडं मऊ पडतं आणि मुठीवरची पकड जाते.

आता परीक्षा. गादीवर गुडघे टेकून म्यान उलटं धरा आणि झटका द्या. सुरी हलता कामा नये. मग एकाच हातानं ओढून बघा: अंगठा म्यानाच्या तोंडावर टेकवून ढकलला की टक सुटली पाहिजे, पुढे सुरी सहज यायला हवी. मोजे घालून हेच परत. शेवटी पातं पांढऱ्या कागदावर पुसा. चामड्याचा भुसा दिसला तर धार कुठंतरी तासतेय. विजेरीनं आत बघा, बहुधा तोंडापाशीच रेघ सापडते. तिथली कड रापीनं तिरकी तासा. सुरी सैल असेल तर तोंडाकडचा भाग परत ओला करून दाबा. फार घट्ट असेल तर फर्म्यावर जाडसर कागदाचा एक वेढा गुंडाळून ओलं करा.

बटणाची पट्टी कधी लावावी? मूठ गुळगुळीत, सरळ आणि बिनकंबरेची असेल तर. मग टिचबटण पितळेचं घ्या, लोखंडी गंजतं. पट्टी मुठीवरून अशी जावी की ओढताना ती धारेच्या वाटेत येणार नाही, आणि बटणाच्या आतल्या बाजूला पातळ चामड्याचं अस्तर लावा, नाहीतर मुठीचं लाकूड खरवडतं. कायडेक्स या प्लास्टिकच्या म्यानाबद्दल लोक विचारतात. समुद्रावर, माशांच्या कामाला ते बरं: धुतलं की झालं. रानात मला त्याचा खडखडाट नको वाटतो, आणि आत वाळूचा कण गेला की तो पातं खरवडत बसतो. फिनलंडसारखं लाकडी अस्तर हा अजून चांगला मार्ग आहे, पण त्याला सुताराचा हात लागतो आणि वेळ दुप्पट.

सुरी म्यानात ठेवून महिनोन्‌महिने कपाटात टाकू नका. झाडपाल्याच्या चामड्यातही आम्ल असतं, ते हवेतली ओल धरून ठेवतं. पोलादावर डाग पडतात आणि पितळी गार्डला हिरवं चढतं. सुरी तेलाचं बोट लावून मेणकागदात, म्यान शेजारी वेगळं. रक्ताचं पातं पुसल्याशिवाय आत घालायचं नाही. गेलंच, तर म्यान गार पाण्यात आतून धुवा, आत फडका कोंबा आणि फर्मा घालून सावलीत वाळवा. म्हणून फर्मा टाकून देऊ नका. भाच्याला म्यानाबरोबर तोही कुरियरनं पाठवला, मुठीच्या टोकाला भोक पाडून आणि सुतळी ओवून, खिळ्याला टांगता यावा म्हणून.